मधल्याच्या आईचा नवस

बायांनो, लेकरांनो, हातातलं काम हातात राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. एक आई एकदा देवीला नवस बोलली होती. त्या नवसाची ही गोष्ट.

फार फार वर्षांपूर्वी उत्तरेकडे एक धुक्याचं राज्य होतं. डोंगर उघडे, वारा बोचरा, पाऊस बारमाही. त्या राज्यात गावोगाव चेंडूचा खेळ चाले. चेंडूला हात लावायचा नाही, पायानेच न्यायचा आणि समोरच्या गावाच्या दोन खांबांमधून पार घालवायचा. ज्याने घालवला, त्याचं नाव डफवाला डफ वाजवून पुकारी. मग सारं मैदान ते नाव घेई.

राजाने सगळ्या गावांची एक उतरंड लावली होती. आपल्या घरात मोठं मडकं तळाला असतं. राजाची रीत उलटी. मोठाली नगरं वर आणि लहान गावं तळाला. तळाच्या गावांतही जे हरत हरत शेवटी राही, ते उतरंडीतूनच निघे. मग तिथे कुणी खेळायला येत नसे, आणि खेळामुळे दर शनिवारी भरणारी जत्राही बंद पडे.

अशाच एका तळाच्या गावात ती आई राहत होती. नवरा देवाघरी गेलेला, पदरी एकच मुलगा. तो मैदानाच्या मधोमध खेळे. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा, पुढच्यांना द्यायचा. म्हणून सगळे त्याला मधला म्हणत.

मिसरूड फुटायच्या वयात त्याला मोठ्या नगराचे लोक खेळायला घेऊन गेले. आईने दाराला तोरण लावलं. ते तोरण सुकायच्या आत मुलगा परत आला. पोचवायला आलेला माणूस म्हणाला, "बाई, पोरगा गुणी आहे हो. पण खेळताना दिसतच नाही. लोकांना खांबांतून चेंडू घालणारा लागतो."

आईच्या काळजाला ते लागलं. नेसत्या लुगड्यानिशी ती टेकडीवरच्या देवीपुढे गेली आणि पदर पसरला. "माये, माझ्या लेकाला एकदा तरी खांबांतून चेंडू घालू दे. डफावर त्याचं नाव ऐकू दे. तुला दुधाने न्हाऊ घालीन. तोवर दुधाचा थेंब ओठाला लावणार नाही."

मुलाला तिने यातलं काही सांगितलं नाही.

वर्षं गेली. आठवडाभर मधला लोकांच्या शेतांना दगडी गडगे घाली आणि शनिवारी खेळे. कधी हे गाव त्याला उसना नेई, कधी ते. शेजारणीकडून विरजण न्यावं ना, तसा तो गावोगाव फिरला. आणि दही लागल्यावर विरजण कुणाचं होतं, हे कोण विचारतं? तो चेंडू देई, दुसरा तो खांबांतून घाली, आणि डफ दुसऱ्याचं नाव घेई.

घरी आला की आई कुरकुरे. "अरे, तू खेळतोस की पंगतीत वाढतोस? सगळ्यांच्या पानात घालतोस, आपलं पान कोरडं."

तो हसे. "आई, ज्याच्याजवळ कुणी नाही, तो मला आपोआप दिसतो. दिसल्यावर देऊ नको?"

"कधी आपल्याकडेही बघावं माणसाने."

"वाढपीच आधी जेवायला बसला तर पंगत काय म्हणेल?"

चुलीवरचं सगळं दूध ती त्याच्या वाटीत ओती आणि आपण जवाची भाकरी पाण्याशी खाई.

होता होता मधल्याच्या केसांत पांढरं डोकावलं, गुडघा बोलू लागला. तो आपल्या गावी परतला. त्या साली गाव हरत हरत पार तळाला आलं होतं. एकच खेळ उरला. जिंकलं तर उतरंडीत राहायचं, नाहीतर निघायचं.

त्याच थंडीत आई अंथरुणाला खिळली. वैद्य म्हणाले, "ऊन दूध द्या, अंगात धग येईल." मधल्याने वाटी पुढे केली. आईने तोंड फिरवलं.

शेजारीण उशाशी बसली होती. तिला राहवलं नाही. "ती नाही प्यायची रे. तुझ्यापायी सोडलंय तिने दूध. तू खांबांतून चेंडू घालशील तेव्हा पिणार. नवस आहे तिचा."

आई म्हणाली, "हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू खेळ रे आपला. नवस माझा आहे."

मधल्याने वाटी खाली ठेवली. आईच्या अंगावरची घोंगडी नीट केली आणि गडगा घालायला निघून गेला.

खेळाच्या दिवशी आईने हट्टच धरला. शेजारणीने तिला घोंगडीत गुंडाळून बैलगाडीत बसवलं आणि मैदानाच्या कडेला नेलं. दोन्ही गावं बरोबरीत होती. धुकं उतरू लागलं होतं, खेळ संपत आला होता. तेवढ्यात खांबांसमोरच चेंडू मधल्याच्या पायाशी आला.

डाव्या हाताला त्याचा गडी एकटाच उभा होता. आसपास चिटपाखरू नाही. आईने आजवर मैदानात फक्त खांब पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिला तो मोकळा माणूस दिसला. मधल्यालाही दिसला असणारच. आईच्या तोंडी शब्द आले, 'दे बाळा, त्याला दे.' पण ते ओठांबाहेर पडायच्या आत मधल्याने पाय उचलला.

मधल्याने चेंडू दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने स्वतःच खांबांकडे मारला. चेंडू खांबावर आपटला आणि परत आला. खेळ बरोबरीतच संपला. गाव उतरंडीतून निघालं.

माणसं त्याच्या वाटेत थुंकली. "जन्मभर दुसऱ्याला दिलं, आणि नेमकी आज हाव सुटली होय रे?" तो मान खाली घालून गाडीपाशी आला आणि कासरा हाती घेतला.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मी उद्या चावडीवर जाते. सांगते सगळ्यांना, दोष माझ्या नवसाचा आहे."

"नको, आई. लोक देवीला नावं ठेवतील. आणि पाय माझाच होता."

त्यानंतर तो कधी खेळला नाही. जत्रा मोडली. मैदानात गुडघाभर गवत माजलं, शेळ्या चरू लागल्या. आई उठून हिंडूफिरू लागली, पण अंगात पहिली धग आली नाही. ती काठी टेकत टेकडी चढली आणि देवळातल्या म्हाताऱ्या गुरविणीला विचारलं, "बाई, नवस मागे घेता येतो का गं?"

गुरवीण वाती वळत होती. म्हणाली, "बोललेला शब्द मागे कसा घेशील? तू नवस बोललीस, पण बांधलास लेकाच्या पायाला. आता दुसरा बोल. या खेपेला मागू नकोस, दे."

आईने देवीपुढे हात जोडले. मग नवा नेम बोलली. रोज जेवणापूर्वी, त्या दिवशी ज्याच्या हातून घरात काही आलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं, मगच घास उचलायचा.

पाणी आणून देणारीचं नाव तिने घेतलं, सरपण टाकून जाणाऱ्याचं घेतलं, आणि शेवटी लेकाचं घेतलं. मधल्याचा हात पानावरच थांबला. इतक्या वर्षांत आपलं खरं नाव असं मोठ्याने त्याने ऐकलं नव्हतं. मग तो जेवू लागला.

गाव उतरंडीत परत गेलं नाही. आईने मरेपर्यंत दूध घेतलं नाही. पण तिचा नेम शेजारणीने उचलला, मग आळीने उचलला, आणि त्या गावात देणाऱ्याचं नाव घेतल्यावाचून कुणी जेवेनासं झालं.

लेकराने कसं दिसावं याचा नवस बोलू नये. ते मुळात जसं आहे, तसं आधी आपण पाहावं.

तर बायांनो, आज पानं वाढाल तेव्हा क्षणभर थांबा. ज्याच्या हातून तुमच्याकडे काही आलं आणि ज्याला कुणी विचारलं नाही, त्याचं नाव मोठ्याने घ्या. तो घरातलाच असेल, तर त्याला ऐकू जाईल असं घ्या.