मेण लावण्याआधी

ही गोष्ट अगदी खरी आहे. अंबादेवीची शपथ घेतो, मी समोर होतो. समोर म्हणजे प्रयोगशाळेच्या दाराबाहेर, माझ्या साखरेचा रिपोर्ट न्यायला. आता खरं सांगायचं तर मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो. पण तिथल्या झाडूवाल्या मावशींनी सगळं असं रंगवून सांगितलं, की मी त्याच दिवशी होतो असं धरून चाला.

‘...आणि पाच वर्षं, हे तू त्यांना कुणाला विचारून सांगितलंस?’

विचारणाऱ्या बोडखे मॅडम. अमरावतीत तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या. समोर उभा त्यांचा विद्यार्थी, डॉक्टर सराफ. सुवर्णपदकवाला.

‘तक्त्याला विचारून, मॅडम.’

‘तक्ता बोलतो?’

‘गुण बोलतात. हाडांच्या मगजातल्या कच्च्या पेशींचा एक. गुणसूत्रांचा एक. हिमोग्लोबिन दहाच्या वर, म्हणजे शून्य. बाकीच्या पेशी ठीक, शून्य. बेरीज दोन. दोन म्हणजे सौम्य गट. सौम्य गटाला जगायला पाच वर्षं.’

रोगी होते वरुडचे वासुदेव खेरडे. वय सहासष्ट. रोगाचं नाव मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. म्हणजे हाडांच्या आतला मगज रक्ताच्या पेशी बनवतो, पण त्या धड पिकतच नाहीत. खेरडेंनी नाव ऐकलं नाही, फक्त ‘पाच वर्षं’ ऐकलं. म्हणाले, मग संत्र्याचा हंगाम उरकून येतो. आणि पिशवी उचलून बाहेर बाकावर बसले. चारची बस होती.

मॅडमनी फाइल उघडली. एक पान मागे गेल्या. आणखी एक.

...

‘मंगळवारी हिमोग्लोबिन किती?’

‘सहा पूर्णांक दोन.’

‘शुक्रवारी?’

‘दहा पूर्णांक एक.’

‘मधे काय झालं?’

सराफने तक्त्याकडे पाहिलं.

‘मधे काय झालं, सराफ?’

‘रक्ताच्या... चार पिशव्या दिल्या.’

‘म्हणजे तू कुणाला गुण दिलेस? खेरडेंना, की ज्यांनी रक्तदान केलं त्या चौघांना?’

मावशी म्हणतात, मॅडमचा आवाज चढला नव्हता. म्हणूनच भीती वाटली.

‘सहा धरलं तर दीड गुण वाढतो,’ सराफ पुटपुटला. ‘साडेतीन. मधला गट. पण मॅडम, रिपोर्टवर सगळ्यात ताजा आकडा...’

‘मधल्या गटाचा माणूस हंगाम उरकून येतो?’

‘नाही. याच आठवड्यात नागपूरला मोठ्या इस्पितळात पाठवायला हवा.’

‘मग?’

‘फोन करून सांगू का? नाहीतर सुधारित रिपोर्ट घरी...’

मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा कमी. मग दार उघडून धरलं. स्वतः.

सराफ बाहेर गेला. खेरडे पिशवीचे बंद बांधत होते.

‘काका, माझी चूक झाली. तुमचा गट मी बाहेरून दिलेल्या रक्तावरून ठरवला.’

खेरडेंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हा माणूस चाळीस वर्षं संत्री निवडायला बसलेला. कुठलं फळ कोलकात्याला जाणार आणि कुठलं गावच्या बाजारात, हे त्याचा हात ठरवतो.

‘डाक्तरसाहेब, आमच्या इथं फळाले मेण मारते. मेण मारलं का सडकं बी चमकते. निवड कवा करते मंग?’

‘...आधी.’

‘आधी. हे आमच्या इथं नव्या मजुराले पयल्या दिवशी सांगते. तुमाले कोनी सांगतलं नाही काय?’

सराफचे कान लाल झाले.

‘मले घरी धाडत होते तुमी. नातवाले म्हनलं असतं, पाच वर्सं हायेत, बिनधास्त राहा.’ खेरडेंनी पिशवीचा बंद पुन्हा आवळला. ‘बरं, आता किती?’

सराफच्या हातात तो छापील तक्ता होता. त्याचं बोट मधल्या गटापुढच्या ‘तीन वर्षं’ या रकान्यावर गेलं. मॅडम मागून आल्या आणि कागदावर पंजा ठेवला. सगळाच्या सगळा झाकला.

...

‘या गटातले अर्धे तक्त्यातल्या आकड्याच्या आत जातात, काका,’ सराफ म्हणाला. ‘अर्धे त्याच्या पुढे जगतात. तुम्ही कुठल्या अर्ध्यात, ते मला माहीत नाही.’

बाहेर बस लागली. कंडक्टरने वरुड, वरुड असं ओरडून घेतलं. खेरडे उठले... आणि पिशवी बाकाखाली सरकवून पुन्हा बसले.

‘नागपूरची चिठ्ठी लिहा,’ म्हणाले. ‘अक्षर बरं काढा.’

आत आल्यावर सराफने तक्ता टेबलावर टाकला. मग चिडून म्हणाला, ‘माणूस किती जगेल हे सांगताच येत नसेल, तर हे गट पाठ तरी कशाला करायचे, मॅडम?’

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली नवी काचपट्टी लावली. डोळा खाली नेला.

‘गट बदलला म्हणूनच त्याने बस सोडली ना?’

आता यातलं बनावट काय ते सांगून टाकतो. रक्ताच्या पिशव्या खऱ्या, मेण खरं, सुटलेली बस खरी. फक्त ‘माझी चूक झाली’ हे सराफ म्हणाला नव्हता. तो दाराच्या आत उभा राहून संगणकाला दोष देत होता. बाहेर जाऊन ते मॅडमच म्हणाल्या, तो त्यानंतर बाहेर आला. मी ते वाक्य उचलून त्याच्या तोंडी घातलं, कारण ते म्हणणं त्याचं काम होतं.