मशीनच्या पाठीवरचा नंबर

इचलकरंजीच्या एका पंप कारखान्यात शकूताई बावीस वर्षं पितळी पट्ट्यांवर हातोडीने नंबर ठोकत होत्या. शेवटी मनगट कामातून गेलं, तेव्हा मालक म्हणाले, "आता लेसर मशीन घेऊ. तुम्हीच निवडा."

दाखवायला मशीन घेऊन आलेला चौथा विक्रेता टाय सावरत म्हणाला, "कुठल्याही धातूवर मोत्यासारखे आकडे उमटतात. पण बाई, लेसरमधलं तुम्हाला काय कळणार?"

"तेही खरंच," म्हणत शकूताई मशीनच्या मागे गेल्या आणि तिथल्या पट्टीवर त्यांनी बोट फिरवलं.

"साहेब, तुमच्याच मशीनचा नंबर हातोडीने ठोकलाय. सात वाकडा बसलाय. दिवस कलला की माझाही असाच बसायचा. तुमच्याकडे माझ्यासारखीच कुणीतरी दमलीय. हे मशीन आधी तिला द्या."