धुतलेला ठिपका

एकदा एक तरुण शिष्या दूरदेशी विद्या संपादन करून मायदेशी परतली. गव्हावरचा तांबेरा हटवायचाच, असा तिचा निश्चय होता. हा रोग पडला की हिरवे पान गंजल्यासारखे होते आणि ओंबीत दाणा भरत नाही. ज्या वृद्ध संशोधकांच्या हाताखाली ती राहिली, त्यांनी गव्हाच्या एका रानटी नातलगाशी, डोंगरउतारावरच्या चिवट गवताशी, गव्हाचा संकर केला होता. त्या गवताला तांबेरा शिवत नसे.

गुरूंची विद्वत्ता तिला मान्य होती. त्यांचे तेच ते बोलणे मात्र सोसत नसे. रोज सकाळी दारातून त्यांचा एकच प्रश्न येई, “आज आधी कोण प्यालं? तू की रोपं?” कुंड्यांना पाणी घातल्याशिवाय चहा घ्यायचा नाही, हा तिथला दंडक होता. ती “रोपं, सर” म्हणे आणि मनात चडफडे.

संकराच्या पिढ्यांतून शेवटी दोनच रोपे उरली. एक जोमदार, दुसरे किडकिडीत. दोन्ही फुलोऱ्यावर आली होती. हाताने परागण करून पुढची पिढी धरायची, तर हा फुलोरा सरण्याआधी एकाचेच काम उरकणार होते. गवताचा गुण ज्यात उतरला, तेच रोप निवडायला हवे होते. निवड चुकली, तर इतक्या वर्षांची खटपट मातीत जाणार होती.

शिष्येने दोन्हींच्या मुळांच्या टोकांवरून काचपट्ट्या तयार केल्या. पेशीतल्या गुणसूत्रांवर जिथे रोगाशी झुंजणारे जनुक असेल, तिथे ठिपका चमकावा अशी योजना केली. गुणसूत्रांत डीएनएच्या अर्थहीन वाटणाऱ्या अक्षरांची अखंड घोकंपट्टीही असते. तिची लुडबुड नको म्हणून शिष्येने ती झाकून टाकली. “भुसा आहे तो,” असे ती म्हणे.

ठिपके सुंदर चमकले. पण दोन्ही रोपांत अगदी सारखे.

“जोमदारच घेऊ, सर,” ती म्हणाली. “ठिपके दोन्हींत आहेत, तर निदान धडधाकट तरी घेऊ.”

“स्थळ बघून आल्यासारखी बोलतेस,” वृद्ध हसले. “फोटो काढलेस ना?”

“हो.”

त्यांनी दोन्ही काचपट्ट्या उचलल्या, द्रावणात बुडवल्या आणि शांतपणे धुऊन टाकल्या.

“सर! अहो, काय केलंत हे?” तिचा आवाज चिरकला. “किती खपले होते मी त्यावर!”

जी घोकंपट्टी तिने निगुतीने झाकली होती, तिलाच उजळवणारे लाल-हिरवे रंग वृद्धांनी त्याच काचपट्ट्यांवर सोडले.

दुसऱ्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती थबकली. काल एकसारख्या भासलेल्या गुणसूत्रांवर आज पट्टे उमटले होते. कुणाच्या टोकाशी लाल, कुणाच्या कमरेशी हिरवे, कुणावर दोन्ही.

“लुगड्यांच्या चवडीतून आई स्वतःचं लुगडं कसं ओळखायची?” वृद्धांनी विचारले.

“काठावरून.”

“आणि काठावर काय असतं?”

ती हळूच म्हणाली, “एकच नक्षी. पुन्हा पुन्हा.”

“हं. अगं, कामाचं जनुक नात्यातल्या सगळ्यांकडे असतं, जवळपास सारखंच. गव्हाकडचं या तांबेऱ्यापुढे थकलंय, गवताकडचं अजून ताजं आहे. पण ठिपका दोघांचाही चमकतो. दिवा दिसला तुला, घर दिसलं नाही. ज्याला तू भुसा म्हणालीस, ती घोकंपट्टी मात्र प्रत्येक कुळाने आपापल्या परीने वाढवली. ओळख तिथे पटते.”

तिने कालचे फोटो आजच्या पट्ट्यांवर ठेवून पाहिले. जोमदार रोपातला प्रत्येक ठिपका गव्हाच्याच नक्षीवर होता. ते निव्वळ गहू होते, तांबेऱ्याशी त्याची अजून गाठ पडली नव्हती इतकेच. किडकिडीत रोपात मात्र एका ठिपक्याखाली वेगळीच नक्षी होती. रानगवताचे गुणसूत्र गव्हाच्या एका गुणसूत्राची जागा घेऊन निमूट बसले होते. म्हणून तर ठिपके सारखे दिसले होते.

चिमटा घेऊन ती काचघरात गेली आणि किडकिडीत रोपापाशी बसली.

सकाळ उजाडली, तेव्हाही ती तिथेच, ओंबीवर वाकलेली होती. दाराशी पावले थांबली. “आज आधी कोण प्यालं? तू की रोपं?”

कोण आले, हे तिला मागे वळून पाहावे लागले नाही.

“रोपं, सर,” ती म्हणाली. आणि प्रथमच तिला ते उत्तर द्यावेसे वाटले होते.

एखादा पराक्रम कुणाचाही असू शकतो. तो माणूस कोण, हे तो रोज जे करत राहतो त्यावरून कळते.