हौसाची बाज

फार फार मागे, आपल्या आज्यांच्या आज्या पाळण्यात असतील तेव्हा, कातळगावात हौसा नावाची बाई होती. तिचं पहिलं बाळंतपण असं अडलं, की बाळ सुखरूप आलं, पण हौसाच्या कमरेखालचा जोरच गेला. बाजेवरून उठवलं की ती पोत्यासारखी खाली बसायची.

गावची रीत कडक. सव्वा महिन्याला बाळंतिणीनं विहीर पूजायची आणि भरली घागर स्वतः ओढून काढायची. जिला जमलं नाही, तिचं मूल जावेच्या ओटीत. जिला घागर पेलत नाही, ती पोर काय पेलणार, असा त्या लोकांचा हिशेब. मी तिथं असते, तर माझं मूल केव्हाच गेलं असतं.

सासू कोंडाबाई म्हणाली, "हौसे, जीव जाळू नकोस. लेकरू घरातच राहील की."

"घरात राहील, आत्याबाई. पण आई कुणाला म्हणेल?"



त्याच दुपारी हौसानं बाजेच्या पायथ्याची ताणाची दोरी पावलांत अडकवली आणि रेटली. अंगठा तेवढा हलला. मग तिला वाट सापडत गेली. पोट आत ओढायचं, श्वास सोडत रेटायचं, श्वास घेत सैल व्हायचं. बाळ रडलं की थांबायचं, निजलं की पुन्हा. रेटून रेटून दोरी ढिली पडे आणि बाज झोळीसारखी लोंबे.

कोंडाबाईला वाटलं, सटवाईच सुनेला खाली ओढतेय! भेदरून ती रोज सकाळी दोरी आणखी करकचून आवळायची आणि बाजेखाली वाकून ओरडायची, "ओढ आता, बघू!" ती गेली की हौसा पुन्हा रेटायची. दोरी जितकी ताठ, तितके पाय घट्ट. असं म्हणतात, पुढे पुढे तिनं रेटलं की बाजेचे खूर भुईत रुतायचे आणि गोठ्यातली गुरं दचकून उभी राहायची.

तो दिवस आला. हौसाला आणि बाळाला बाजेसकट विहिरीवर नेलं. जाऊ पदर पसरून उभीच होती. हौसा उतरली, लटपटली, उभी राहिली. घागर खाली गेली, भरली, वर येता येता अर्ध्यावर अडली. दोर तिच्या हातांतून सरकू लागला. कोंडाबाई धावली.

"हात लावू नका, आत्याबाई! तुमचा हात लागला की पोर गेलं."

हौसानं टाचा कातळाला रोवल्या, पोट आत घेतलं आणि श्वास सोडला. असं म्हणतात, घागरीमागोमाग विहिरीचं पाणीही काठापर्यंत चढून आलं. जावेनं पदर आवरला, बाळ उचललं आणि हौसाच्या कुशीत दिलं.

"कुठून आणलास गं हा जोर?" कोंडाबाईनं विचारलं.

"तुम्हीच तर रोज आवळत होतात."

मग पाठ धरलेल्या बाया आल्या, ओझी वाहून वाकलेले गडी आले, मागून पैलवानही आले. हौसानं बाजेची दोरी सोडून साधं दावं घेतलं, चटई घेतली, आणि अख्खं गाव शिकलं.

ती ओटीची रीत कधीच बुडाली. कातळगावात आजही दुपारी बाया चटया टाकतात. एक-दोन मोजत नाहीत. 'हौ' म्हणत रेटतात, 'सा' म्हणत सैल होतात. आणि एखादी बाळंतीण अंथरुणातून उठेना झाली, की आळीतल्या बाया तिच्या अंगणात बसून नुसतं 'हौ' म्हणतात आणि थांबतात. 'सा' कुणी म्हणत नाही. तो आतून यायची वाट बघतात.