टिटवीची हाक

फार पूर्वी रानातली खबर हाकेवर चालायची. एकानं ओरडावं, दुसऱ्यानं ती हाक पुढं न्यावी. पण खोट्या हाका फार वाढल्या, म्हणून नियम करायला सभा घ्यायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आखणी खारीकडे आली आणि तिनं जागा ठरवली टेकडीवरची.

"खारूताई, सभा माळावर घे ना," टिटवी म्हणाली. "तिथं मी एकटीच असते. अंडी टाकून टेकडीवर कशी येऊ?"

"पुढच्या वेळी नक्की हं!" खार घाईत होती.

टेकडीवर नियम झाला, तिघांनी ओरडल्याशिवाय हाक पुढं न्यायची नाही.

दुसऱ्याच दिवशी माळावर मुंगूस आलं. टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत राहिली. खारीनं ऐकलं, पण ती आणखी दोघांच्या हाकेची वाट बघत बसली.

शेवटी न राहवून ती माळावर धावली. तिथं नुसती टरफलं पडली होती.

"पुढची सभा इथंच घेऊ, बाई," ती पुटपुटली.

"आता कुठंही घे," टिटवी म्हणाली. "आता मला येता येईल."