केस न गळणारं पिल्लू

जंगल संपून माळ सुरू होतो तिथे धनगरांचा तळ होता, आणि त्या तळाच्या राखणीला कुत्र्यांचा एक कळप राहत असे. मुलांनो, त्या कळपाची एक रीत होती. होळी झाली, ऊन तापलं, की वर्षाच्या आतल्या प्रत्येक पिल्लानं जुन्या बाभळीला अंग घासायचं. सालीला केस चिकटले की पिल्लू निरोगी. जितके केस जास्त, तितका मान. कळपाचा म्होरक्या म्हातारा आणि करडा होता. तो स्वतः साल हुंगून निवाडा करी.

एका वर्षी एका कुत्रीचं कुरळं पिल्लू बाभळीपाशी आलं. त्यानं अंग घासघास घासलं. सालीला एक केस लागला नाही.

म्होरक्या म्हणाला, "उन्हाळ्यात ज्याचं अंग हलकं होत नाही, त्याच्या अंगात रोग आहे. तो कळपात नको."

आई पुढे आली. "तो आजारी नाही, दादा. बापावर गेलाय."

बाप नदीपलीकडचा होता, कोळ्यांची जाळी पाण्यात उड्या मारून ओढणारा, कुरळ्या केसांचा. हे ऐकून बाकीची कुत्री हसली. एक म्हणाला, "मग यालाही पलीकडे धाडा. पोहता येतं का ते तरी कळेल." आईनं पुष्कळ विनवलं. म्होरक्यानं ऐकलं नाही. पिल्लाला हाकलून दिलं.

पिल्लू लांब गेलं नाही. आईचा वास येईल इतक्या अंतरावर, ठकूबाई धनगरणीच्या पालामागे बसून राहिलं. ठकूबाईला दमा होता. कुत्र्याचा केस नाकात गेला की तिला धाप लागे, डोळे सुजत. म्हणून कुत्री तिच्या पालाजवळ फिरकत नसत. दिवसा सगळी कुत्री मेंढरांबरोबर चराईला जात. मागे राहत ती ठकूबाई आणि लहान कोकरं. लांडग्याला हे ठाऊक होतं. त्या महिन्यात त्यानं भर दुपारी चार कोकरं नेली होती.

पाचव्यासाठी तो आला तेव्हा पिल्लू समोर उभं राहिलं. ते घाबरलं होतं, हे मी लपवत नाही. पण त्यानं भुंकून माळ उठवला आणि लांडग्याचा पाय धरला तो सोडला नाही. ठकूबाई काठी घेऊन धावली. लांडगा पळाला. पिल्लाचा कान फाटला होता. तिनं त्याला मांडीवर घेतलं आणि आता धाप लागणार म्हणून वाट पाहत बसली. धाप लागली नाही. तिनं त्याच्या मानेत तोंड खुपसून पाहिलं. तरीही नाही.

"माझ्याजवळ राहा रे बाबा," ती म्हणाली. जन्मभर कुत्र्यांच्या सोबतीनं जगलेल्या त्या बाईनं कुत्र्याला जवळ घेण्याची ती पहिलीच वेळ होती.

पिल्लू मोठं झालं. त्याचे केस गळत नसत, म्हणून ते वाढत जात. त्यांत कुसळं अडकत, गुंता होई. ठकूबाई रोज विंचरी, आणि मेंढरांची लोकर कातरताना त्यालाही रांगेत उभं करून कातरी. कळपातली कुत्री येता-जाता विचारत, "काय मेंढरा, लोकर किती निघाली?"

तो म्हणे, "घोंगडीपुरती नाही निघाली. पण कोकरं सगळी आहेत."

ही गोष्ट तळोतळी गेली. धाप लागणारी माणसं दुसऱ्या तळांवरही होती, त्यांनाही असा सोबती हवा होता. शेवटी म्होरक्या स्वतः ठकूबाईच्या पालापाशी आला. त्यानं मान खाली घातली आणि आपली नात त्या कुरळ्याला देऊ केली.

वर्षभरात पाच पिल्लं झाली. ठकूबाईनं एकेक पिल्लू एकेक दुपार मांडीवर घेतलं. दोघांनी तिला धाप लावली. दोघांचे केस थोडे गळत. एकच बापासारखं निघालं.

म्होरक्यानं विचारलं, "चौघांचं काय करायचं?"

कुरळ्याची आई आता थकली होती. ती उठून पिल्लांच्या आणि म्होरक्याच्या मध्ये उभी राहिली. "ती कळपात राहतील. राखण करतील. आता एकालाही हाकलायचं नाही, दादा. एवढं कबूल असेल तर तुझी नात इथे नांदेल."

म्होरक्यानं कबूल केलं. मग पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तेव्हा कुठे कुरळ्यांचा वंश स्थिर झाला. तरीसुद्धा पिल्लू दिलेल्या एखाद्या घरी, केस गळत नसूनही, कुणाला शिंका येत, आणि पिल्लू परत येई. कळप सरकून त्याला जागा देई.

तात्पर्य : जो आपल्या मापात बसत नाही, त्याला रोगी म्हणू नये. त्याची गरज कुणाला आहे ते आधी पाहावं. आणि कुणालाच नसली, तरी त्याला दाराबाहेर काढू नये.