हौसाची नथ आणि येसबाची कुस्ती

कृष्णाकाठच्या एका गावात येसबा नावाचा पैलवान राहत होता. त्याच्या बायकोचं नाव हौसा. त्याच गावात भिवबा दवंडीवाला होता. कुस्तीचं मैदान झालं की तो डफडं बडवत वाड्यावस्त्यांवर बातमी सांगत फिरायचा. लोक खूश होऊन त्याच्या झोळीत ओंजळभर जोंधळे टाकायचे.

येसबा जिंकला की भिवबा सांगे, "काय ती हौसाची नथ! काय तिचा तोरा!" लोकांना मौज वाटे. हौसाही हसून सोडून देई. पण एकदा कुस्तीत येसबाचा गुडघा मुरगळला आणि तो पडला. भिवबाने लगेच डफडं बडवलं, "बायकू नटवी, म्हनून गडी ढिला पडला हो!"

झालं! पाणवठ्यावर बायका हौसाला पाहून पाठ फिरवू लागल्या. गावच्या पंचांनी तिच्या सासूला बजावलं, "पुढची कुस्ती हरला, तर सुनेला म्हायेरी धाडा." रोज पहाटे येसबाच्या गुडघ्याला तेल चोळणारी हौसाच होती, पण ते कुठल्याच दवंडीत नव्हतं.

"म्या घरीच ऱ्हाते," ती नवऱ्याला म्हणाली.

"तू नसलीस तर जिंकून दावू कुनाला? ये. आन् नथ घालूनच ये."

मैदान भरलं. भिवबाला वाटलं, आज हौसा रडेल, पदर चावेल, चांगला मसाला मिळेल. तो आखाड्याकडे पाठ करून तिच्याकडेच बघत बसला. एवढ्यात आरोळी उठली. येसबाने समोरचा गडी चीत केला होता.

दुसऱ्या दिवशी वस्तीवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "भिवबा, डाव कंचा टाकला?"

"हौसानं हिरवं लुगडं नेसलं हुतं..."

"आरं, मग लुगड्यानं गडी पाडला व्हय?"

एकच हशा पिकला. झोळी रिकामीच राहिली.

भिवबा खालमानेने हौसाच्या दारात आला. "वयनी, डाव कंचा हुता?"

"घिस्सा," हौसा म्हणाली. "म्या कुस्ती बघत हुते, भावजी. तुमी मला बघत हुता."

भिवबा ओशाळला. पण गडी मनाचा खोटा नव्हता. पुढच्या दवंडीत त्याने घिस्सा सांगितला, गुडघ्याला चोळलेलं तेल सांगितलं आणि आपली चूकही सांगून टाकली. पंचांनी सुनेला माहेरी धाडायची गोष्ट पुन्हा काढली नाही. पाणवठ्यावर बायकांनी सरकून हौसाच्या घागरीला जागा दिली. ती नथ सावरत पाणी भरून निवांत घरी आली.

तात्पर्य: कुस्ती सांगणाऱ्याने नजर आखाड्यात ठेवावी; गड्याची हार त्याच्या बायकोच्या माथी मारू नये.